कोंकणकड्यावरील दोघांचें बिऱ्हाड

सुमारें १४०० मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर, कोंकणकड्यानजीक रात्र काढावयाची तर तंबू निवडतांना प्रथम पायांखालच्या कातळाचा विचार करावा. त्यांत मेख शिरत नाहीं. म्हणून लवचिक काठ्यांवर आपला आपण उभा राहणारा तंबूच तेथें सोयीचा. वजन दोन किलोंच्या आसपास असावें. कापड एकानें व काठ्या दुसऱ्यानें वाहिल्या म्हणजे चढण जाचत नाहीं. मात्र ‘आपला आपण उभा’ म्हणजे अढळ नव्हे! दरींतून उसळणारा वारा रिकामा तंबू पतंगासारखा उचलतो. यास्तव कड्यापासून दूर, आडोशास बिऱ्हाड थाटावें. बोजे तत्काळ आंत टाकून तणावे धोंड्यांस बांधावे. आच्छादन दुहेरी असल्यास श्वासाचें दंव अंथरुणावर ठिबकत नाहीं. आणि ‘दोघांचा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तंबूंत दोघांनीं दुकानांतच एकदां निजून पाहावें. शेजारचें गिऱ्हाईक हंसेना का!