मोटारींतलें आसन

आम्हां प्राध्यापकांना खुर्ची केव्हां सोडावयाची, हें नेमणुकीच्या दिवशींच ठाऊक असतें. शर्यतीच्या मोटारींतील सारथ्याला तें सुख नाहीं. २२ सप्टेंबर २०२४ रोजीं सिंगापूरला डॅनियल रिकार्डो अठरावा आला; मात्र शर्यतींतील सर्वांत वेगवान फेरी त्याचीच होती. चौथ्याच दिवशीं, हंगामाच्या ६ शर्यती उरल्या असतांना, ८ ग्रां प्री जिंकलेल्या या ३५ वर्षांच्या ऑस्ट्रेलियन वीराचें आसन तरुण लियम लॉसनला मिळालें. मन हळहळलें खरें; पण २०२३ च्या जुलैंत त्याच संघानें निक डी व्ह्रीसला असेंच मध्येंच उठवून रिकार्डोला बसविलें होतें. आसन कोणाचेंच नसतें. वेग अजून हातांत आहे, हें दाखवून उठतां आलें, एवढेंच त्याचें भाग्य. आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर मला हेवा वाटतो तो त्याचाच.