अॅडव्हान्स दिलाय, आता?

‘आज रोख, उद्या उधार’. ही पाटी तुम्ही-आम्ही लहानपणापासून किराणा दुकानात बघत आलोय. अर्थ सरळ आहे. दुकानदाराचा गिऱ्हाइकावर भरवसा नाही. पण गिऱ्हाइकाने दुकानदाराला उधार द्यायचं, महिनोन्‌महिने आणि तेही बिनव्याजी, असं कधी ऐकलंय? नाही म्हणू नका, कारण आपण सगळे ते करतो. जिमची वर्षभराची फी, सलूनचं पॅकेज, गिफ्ट कार्ड. आणि माझ्यासारखा गेमवेडा असेल तर प्री-ऑर्डर. नावं झकास आहेत, व्यवहार एकच. पैसे आधी, माल नंतर.

माझी प्री-ऑर्डर होती साडेसहा हजारांची. पुण्यात एका बेसमेंटमधलं छोटं दुकान. बोर्ड गेम्स, रंगवायच्या मिनिएचर्स, ‘मॅजिक’च्या पत्त्यांची पाकिटं, आणि मागच्या बाजूला खेळायला चार टेबलं. शनिवारी संध्याकाळी गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच लटकवून लोक यायचे ते रात्री अकराला घरी. दुकानदाराला सगळे ‘दादा’ म्हणायचे. कोणी एकटाच आला, कोपऱ्यात उभा राहून डबे चाळायला लागला, की दादा त्याचा हात धरून त्याला एखाद्या टेबलावर बसवायचा आणि पहिले दोन डाव स्वतः शेजारी उभा राहून शिकवायचा. या शहरात माझे जे मित्र झाले त्यातले निम्मे तरी त्या टेबलांवर भेटलेत. साडेसहा हजार देताना पावती मागायचंही सुचलं नाही. दादाने वहीत लिहिलं, बस्स.

मग सुरू झालं. ‘कंटेनर अडकलाय.’ ‘पुढच्या आठवड्यात नक्की.’ शेल्फवर पुढे एकेक डबा आणि मागे मोकळी जागा. आणि काचेवर नवीन ऑफर लागली : पूर्ण पैसे आधी भरा, पंधरा टक्के सूट! ही ऑफर बघून पब्लिक खूश. माझ्या मात्र पोटात गोळा आला. ज्याचा जुना माल आलेला नाही तो नवीन पैशांवर सूट का देतोय? कारण त्याला माल विकायचा नाहीये, त्याला आजच्या आज रोकड हवीय.

एका सोमवारी ग्रुपवर दादाचा लांबलचक मेसेज आला. वितरकाची बाकी थकलीय, त्याने माल थांबवलाय, डोक्यावर कर्ज आहे, आणि तुमच्या अॅडव्हान्समधून मी दुकानाचं भाडं भरलंय. कोणाचेही पैसे बुडवणार नाही, पण वेळ द्या.

ग्रुप पेटला, हे सांगायला नकोच.

ही गोष्ट फक्त छोट्या दुकानांची असती तर सोपं होतं. पण गेम्सच्या धंद्यातला याचा सर्वांत मोठा धडा ब्रिटनमधला आहे. तिथली ‘गेम’ नावाची साखळी म्हणजे तेव्हा देशभर सहाशेच्या आसपास दुकानं होती. २००७ मध्ये त्यांनी ‘गेमस्टेशन’ हा प्रतिस्पर्धीच विकत घेतला. त्यामुळे काही गावांत एकाच रस्त्यावर एकाच मालकाची दोन दुकानं, आणि दोन्हींचं भाडं! गिऱ्हाईक तोवर सुपरमार्केट आणि ऑनलाइनकडे वळत होतं. मार्च २०१२ मध्ये ‘मास इफेक्ट ३’ बाजारात आला, त्या वर्षीच्या मोठ्या गेम्सपैकी एक. आणि ‘गेम’च्या दुकानांत तो मिळेना. बनवणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स’ने मालच दिला नाही. ज्यांनी प्री-ऑर्डर केली होती त्यांना पैसे परत मिळाले, आणि वर भरपाई म्हणून दुकानातच वापरायचं थोडं क्रेडिट.

ते क्रेडिट किती दिवस टिकलं असेल? २५ मार्चला तिमाहीचं भाडं भरायचं होतं, २६ मार्चला कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. एका दिवसात २७७ दुकानं बंद, २,१०४ लोकांच्या नोकऱ्या गेल्या. गिफ्ट कार्डं आणि रिवॉर्ड पॉइंट जागच्या जागी गोठवले. वाढदिवसाला आजीने दिलेलं कार्ड घेऊन काउंटरवर गेलेल्या पोराला काय सांगायचं? कायद्याच्या भाषेत तो आता ‘विनातारण धनको’. रांगेत बँका पुढे, हा पार मागे.

मला यात एक गोष्ट फार बोलकी वाटते. दुकान अडचणीत आहे हे सगळ्यांत आधी माल देणाऱ्याला कळतं. त्याच्या उधारीचा विमा उतरवणारी कंपनी हात वर करते आणि तो रोख मागायला लागतो. सगळ्यांत शेवटी कळतं ते गिऱ्हाइकाला. म्हणजे सगळ्यांत कमी माहिती असलेल्या माणसाकडूनच सगळ्यांत जास्त भरवशाची अपेक्षा. वा रे न्याय!

पुढचा भाग आणखी मजेशीर आहे. आठवड्याभरात ‘ऑपकॅपिटा’ या गुंतवणूक कंपनीने उरलेलं ‘गेम’ घेतलं. तेव्हाच्या बातम्यांनुसार किंमत एक पाउंड, अर्थात कर्जासकट. आणि नव्या मालकाने गिफ्ट कार्डं, पॉइंट पुन्हा चालू केले. जानेवारी २०१३ मध्ये ‘एचएमव्ही’च्या प्रशासकांनीही आधी कार्डं नाकारली, लोक खवळले, आणि आठवड्याभरात पुन्हा स्वीकारली. हे काही दानधर्म नाही हो. दुकान, फर्निचर, साठा यांची किंमत काढता येते. पण शनिवारी दार ढकलून आत येणारा माणूस परत आला नाही, तर घेतलंय काय?

आपल्याकडे पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. त्या रांगा आठवतात? पण बँकेच्या ठेवीला निदान विमा असतो. गिफ्ट कार्डाला नसतो. फ्लॅटसाठी पैसे भरणाऱ्यांना दिवाळखोरी कायद्यात वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला तोही २०१८ च्या दुरुस्तीनंतर. डाइस आणि पत्त्यांच्या डब्यासाठी कोण दुरुस्ती करणार?

तर आमचा ग्रुप. एका मैत्रिणीने कार्डने पैसे भरले होते, तिने बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मिळवली. तिचं चुकलं का? अजिबात नाही, हक्काचे पैसे होते. पण ते गेले दादाच्या त्याच खात्यातून, ज्यातून बाकीच्यांना मिळायचे होते. म्हणजे जो आधी धावला तो वाचला. दुसरा मित्र म्हणाला, ‘जाऊ दे यार, आपला माणूस आहे.’ हे मला त्याहून पटलं नाही. आपला माणूस आहे म्हणून हिशोब विचारायचा नाही?

मी बुधवारी संध्याकाळी दुकानात गेलो. दादा टेबल पुसत होता, वर बघितलंच नाही.

‘दादा, एकूण किती जणांचे आहेत?’

त्याने वही पुढे केली. त्रेचाळीस नावं. प्रत्येकापुढे आकडा, तारीख, सगळं नीट. काही जुन्या नावांवर रेघ होती, ते पैसे दिलेले.

‘आणि नवीन अॅडव्हान्स अजून घेतोयस?’

‘नाही रे. बंद केलं.’

‘मग काचेवर ते पंधरा टक्के?’

तो थोडा वेळ गप्प बसला. मग उठला, नखाने चिकटपट्टी खरवडून तो कागद काढला आणि चुरगळून डस्टबिनमध्ये टाकला. खरं सांगू, माझ्यासाठी तोच क्षण होता. कर्ज कोणालाही होतं. पण बुडतंय हे माहीत असताना जो नवीन माणसाकडून पैसे घेतो तो वेगळा. दादाने तो कागद काढायला खळखळ केली असती तर मी दुसऱ्या दिवशी ग्राहक मंचाचा फॉर्म भरला असता, मैत्री गेली चुलीत.

शेल्फवर एक गेम होता अडीच हजारांचा. मला फारसा नकोच होता, तरी वहीत वजा करून घेतला. उरले चार हजार. दरमहा पाचशे द्यायचे असं ठरलं, आणि या वेळी त्याच्या सहीनिशी एक कागद मी खिशात घातला.

आतापर्यंत चार हप्ते आलेत, त्यातला एक दहा दिवस उशिरा. चारऐवजी दोनच टेबलं राहिलीत, कारण अर्धी जागा त्याने एका झेरॉक्सवाल्याला भाड्याने दिलीय. मशीनच्या आवाजात नियम समजावणं जरा कठीण जातं. पैसे परत मिळवलेल्या मैत्रिणीला दादाने दोनदा फोन करून बोलावलं, पण ती येत नाही. अवघडल्यासारखं होतं म्हणते. माझे अजून दोन हजार वहीत आहेत.