बाबा आणि निळा धूर

पूल हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव (हसू नका, नावच तसं आहे). ब्रिटिश सीगल ही बोटीची मोटर इथलीच. ऑनसाइट आलो आणि शेजारच्या आजोबांनी गॅरेज आवरताना गंजलेली ‘फॉर्टी प्लस’ माझ्या गळ्यात मारली. झालं, वीकेंड गेले कामातून!

स्पार्कच नाही. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. आई गेल्यापासून आमचं बोलणं म्हणजे ‘जेवलास?’ ‘हो.’ बस. पण माणसाने वीस वर्षं चेतक तिरकी करकरून चालवलेली. “फ्लायव्हील काढ, पॉइंट्स पॉलिश पेपरने घास.” मग प्लग, मग कार्बोरेटरचा जेट. तीन रविवार कॅमेरा मोटरवर, तोंड बाबांचं चालू. या जुन्या सीगलला दहा भाग पेट्रोलला एक भाग ऑइल लागतं म्हटल्यावर मात्र ते उडालेच. “अरे, धूर करेल!”

केला. दोरी गुंडाळून सातव्यांदा ओढली आणि फटफट सुरू! माझ्या या मोटरला न्यूट्रल नाही, हे मी साफ विसरलेलो. बोट सुटली, मी तळाशी आडवा.

“बंद कर आधी!” फोनमधून बाबा ओरडले. मग हसतच सुटले. कितीतरी महिन्यांनी. म्हणाले, “जरा मागचा धूर दाखव रे.”