आईच्या वतीने

२०२०च्या जनगणनेचा फॉर्म आमच्या घरी मी भरला. त्यात विशेष काही नाही. वाचता यायला लागल्यापासून घरात येणारा प्रत्येक कागद माझ्याच हातून गेलाय. विजेचं बिल, शाळेची चिठ्ठी, घरमालकाची नोटीस. आईबाबांना स्पॅनिश कळतं, सरकारला इंग्रजी, मधे मी. शिकागोच्या लिटल व्हिलेजमध्ये, २६व्या रस्त्याच्या आजूबाजूला, घरटी अशी एक मुलगी सापडते. थोरला मुलगा असला तरी कागद मुलीकडेच का येतात, हे मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही.

त्या दिवशी मात्र आई खुर्ची ओढून शेजारी बसली. तिला धास्ती होती. फॉर्मवर नागरिकत्वाचा प्रश्न घालायचा सरकारचा बेत सुप्रीम कोर्टाने २०१९मध्ये अडवला होता, पण प्रश्न येणार ही बातमी आमच्या गल्लीत जितकी पसरली, तितकी तो अडल्याची पसरली नव्हती. आई माझ्या जन्माआधीपासून या देशात आहे, कागदपत्रांशिवाय. मी इथे जन्मले, म्हणून माझ्याकडे निळा पासपोर्ट आहे. एकाच स्वयंपाकघरात हे दोन्ही नांदतं.

हिस्पॅनिक आहात का? मेक्सिकन, खूण केली. पुढचा प्रश्न वंशाचा. आई म्हणाली, "मिचोआकान लिही."

"ते राज्य आहे, आई. वंश नाही."

"मग आपण कोण?"

अमेरिकन इंडियन या रकान्याखाली जमातींची उदाहरणं छापली होती. त्यात 'अ‍ॅझ्टेक' होतं. आजी पुरेपेचा जमातीची, त्यामुळे आई भडकलीच. "त्यांना आमच्यावर कधी राज्य करता आलं नाही, आणि आता आम्हाला त्यांच्या पंगतीत बसवतात?" तिचा इतिहास पक्का आहे. पंधराव्या शतकात अ‍ॅझ्टेक फौजेला पुरेपेचांनी खरोखरच पिटाळून लावलं होतं. शेवटी आम्ही 'अन्य वंश' निवडला. त्या जनगणनेत हिस्पॅनिक लोकसंख्या ६ कोटी २१ लाख भरली आणि त्यातल्या ४२ टक्के लोकांनी फक्त हाच 'अन्य' रकाना धरला. इतकी माणसं 'अन्य' निघाल्यावर गोंधळ प्रश्नातच आहे, हे वॉशिंग्टनलाही कळलं असावं. २०२४मध्ये हे दोन प्रश्न एकत्र करायचं ठरलं.

मी शहराच्या मध्यावर, लूपमध्ये, एका कंपनीत हिशेब तपासते. पिंक लाइनच्या गाडीने जाते, पिंक लाइनने येते. ऑफिसात एकदा वर्क-लाइफ बॅलन्सवर सत्र झालं. प्रत्येकाला एक वर्तुळ छापलेला कागद दिला, त्याचे भाग पाडलेले: करिअर, आरोग्य, कुटुंब, मौज. कुठे किती वेळ जातो ते रंगवायचं. मी पेन्सिल धरून बसले. शेजारणीच्या मुलाचा कॉलेजच्या मदतीचा अर्ज रविवारी रात्री भरून दिला, तो कशात मोडतो? ते कुटुंब नाही, मौज तर नाहीच. सत्र घेणारी बाई प्रेमाने म्हणाली, "नाही म्हणायला शिक." शिकेन की. पण मी नाही म्हटलं की तो अर्ज भरला जात नाही. तिच्या वर्तुळात दुसरं कोणीतरी तो भरतं, असं गृहीत होतं.

मग आजी गेली. पाच वर्षांची असताना, १९४३मध्ये, तिने पारिकुतीनचा ज्वालामुखी मक्याच्या शेतातून उठताना पाहिला होता. पुढे महिनोनमहिने अंगणात राख पडायची, हे ती ऐंशी ओलांडल्यावरही काल घडल्यासारखं सांगायची. आईला जाता येणार नव्हतं. वर्षाहून जास्त काळ कागदांविना राहिलेल्या माणसाने देश सोडला, तर १९९६च्या कायद्याने त्याला दहा वर्षं परतीची बंदी लागते. आईने त्यावर चर्चासुद्धा केली नाही. माझी बॅग भरायला घेतली.

आमच्याकडे माणूस गेल्यावर नऊ रात्री जपमाळेची प्रार्थना होते. आजीसाठी कंपनीची रजा तीन दिवस. मॅनेजर भली बाई, तिने नियमाची दिलगिरीही व्यक्त केली. उरलेले दिवस मी वार्षिक सुट्टीतून घेतले. परतल्यावर एकाने विचारलं, "मेक्सिको! समुद्र कसा होता?" आजीच्या गावात पाइनची झाडं आहेत आणि पहाटे बोटं गारठतात. मी म्हटलं, छान होता.

गावात मला कोणी माझं नाव विचारलं नाही. "तू कोणाची?" एवढंच. आईचं नाव सांगितलं की पुरे, लगेच हातात काम. मक्याच्या पात्यात कोरुंदा, म्हणजे मक्याच्या पिठाचे कोनदार उंडे, बांधायला बसवलं. माझे कोन नीट येईनात, तर मावशीने माझ्या पुढ्यातल्या सगळ्या सोडून परत बांधल्या. मावसभावंडं माझ्या स्पॅनिशची नक्कल करत होती. मला लाज वाटायची, नेहमीच वाटते. पण बायका कुजबुजत बोलत होत्या त्या पुरेपेचात, आणि त्यातलं त्या भावंडांनाही धड कळत नव्हतं. आजीला शाळेत पुरेपेचा बोलल्याबद्दल मार बसायचा, म्हणून तिने आपल्या मुलांशी मोडकंतोडकं स्पॅनिशच धरलं. म्हणजे जे मोडकं बोलते म्हणून मी आयुष्यभर शरमले, ते आजीही मोडकंच बोलायची. आणि तिला कोणी गावातली नाही असं म्हटलं नव्हतं.

आई रोज रात्री फोनवर यायची. मावशीने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. आई तिथून सूचना द्यायची: मागे उभी राहू नकोस, पुढे हो; आतोले (मक्याचं गरम पेय) ढवळलं का; मामाला माझ्याकडून मिठी मार. नवव्या रात्री जमिनीवर आखलेला चुन्याचा क्रूस घरचे भागाभागाने उचलतात. आईच्या वाटचा भाग मी उचलला.

लॅटिना मुलगी दोन जगांत अडकलेली असते, असं आमच्याबद्दल फार लिहिलं जातं. मला ते पटत नाही. मी अडकलेली नाही, मी आईची मुखत्यार आहे. इथे तिच्या वतीने सही करते, तिथे तिच्या वतीने रडते. यात अभिमानही आहे आणि दमणूकही आहे. दमणुकीबद्दल बोललं की घरच्यांना ती तक्रार वाटते, अभिमानाबद्दल बोललं की ऑफिसातल्यांना तो माझ्यावरचा अन्याय वाटतो. मला त्या क्रूसाचा भाग दुसऱ्या कोणी उचललेला चालला नसता. विजेचं बिल मात्र कोणीही भरलेलं चालतं. हा फरक मला त्या वर्तुळाने नाही शिकवला.

म्हणून परतल्यावर बिलं धाकट्या भावाकडे दिली. वीस वर्षांचा घोडा, त्याला इंग्रजी माझ्याइतकंच येतं. पहिल्या महिन्यात त्याने तारीख चुकवली, दंड बसला आणि आईने माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच दिवा मालवला. मी गप्प बसले, ते सोपं गेलं नाही. पुढच्या महिन्यात त्याने वेळेवर भरलं. शेजारीण अजून माझ्याचकडे येते. तिला भाऊ 'लहान' वाटतो.

"आणि रविवारी तू काय करणार?" आईने विचारलं.

"झोपणार."

तिने जरा विचार केला. "झोप," म्हणाली. "फोन चालू ठेव."