दोन विंग्ज गेल्या कुठे?

ऑफिसच्या कामाने लंडनला गेलात आणि एक दुपार मोकळी मिळाली, तर ट्यूबने टर्नहॅम ग्रीनला उतरा. तिथून पायी चिझिक हाऊस. घुमटाचा, देखणा, आटोपशीर व्हिला. इटलीतल्या पॅलाडिओच्या इमारतींवर फिदा असलेल्या लॉर्ड बर्लिंग्टनने तो १७२९ मध्ये पुरा केला. घराण्याचा जुना वाडा शेजारीच होता. व्हिला होता तो चित्रं मांडायला, पाहुण्यांना बोलवायला. थोडक्यात, शायनिंग मारायला!

१७८८ मध्ये पुढच्या पिढीने वाडा पाडला आणि व्हिलाला दोन्हीकडून एकेक विंग जोडली. १८९२ नंतर तिथे काही दशकं चक्क मनोरुग्णालय होतं. मग १९५६ मध्ये सरकारी खात्याने दोन्ही विंग्ज पाडून टाकल्या. का, तर मूळ रूप परत हवं!

पण मूळ म्हणजे कुठलं? आज दिसतो तसा एकटा, सुटा व्हिला बर्लिंग्टननेही कधी पाहिला नसेल, वाडा होता ना बाजूला! मला तरी ही सफाई खटकते. १६८ वर्षांचा संसार एका फटक्यात गुंडाळला.

बाग मात्र मस्तच. बीटल्सनी १९६६ मध्ये ‘पेपरबॅक रायटर’चं शूटिंग इथेच केलं होतं. पण त्याआधी व्हिलाच्या कडेला बघा. वाड्याकडे जाण्यासाठी बर्लिंग्टनने बांधलेली छोटी जोडइमारत अजून उभी आहे. पलीकडे आता नुसतं गवत.