जीप उंच करण्याआधी खाली वाकून पाहा

मृग जवळ आला की घरोघरी बियाणे आणि खताच्या गोष्टी सुरू होतात. हल्ली काही घरांत आणखी एक विषय निघतो, तो म्हणजे जीप उंच करण्याचा. पाणंदीत गाडी रुतते, खालून घासते, म्हणून घरातली तरुण मुले म्हणतात, "पाटे बदलू आणि तीन-चार इंच वर उचलू." यालाच सस्पेन्शन लिफ्ट म्हणतात. मी शेतीखात्याचा माणूस, मेकॅनिक नव्हे. पण तीस वर्षे वाडी-वस्तीवर जीपनेच हिंडलो आहे. गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला. तेव्हा आम्ही जे मोजले आणि ठरवले, ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

माझ्या थोरल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे, जुनी महिंद्रा जीप आहे. चारही चाकांना ओढ असलेली आणि पुढे-मागे पाट्यांवर बसणारी. सकाळी तिच्यातून दुधाचे कॅन डेअरीवर जातात. लावणीच्या दिवसांत बायामाणसे शेतावर जातात. वेळप्रसंगी आजारी माणूसही तीच नेते. रस्ता म्हणाल तर दीड मैलाची पाणंद. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला ओढा आणि मध्ये काळी माती. पुतण्याने चार इंच उंची देणारे सामान पाहून ठेवले होते. मला म्हणाला, "काका, तुम्ही बाबांना सांगा. एकदा उंच केली की पावसाळाभर काळजी नाही." वहिनी चुलीपाशी होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, मला तर आताच पायरी उंच पडते."

मी त्याला म्हटले, "अरे, आधी गाडी नेमकी कुठे घासते ते तर पाहू." आम्ही गाडीखाली शिरून चुना कालवला आणि ॲक्सल, पाटे, चेसी, सायलेन्सर अशा खालच्या सगळ्या भागांवर त्याचे पट्टे ओढले. मग वाळलेल्या पाणंदीतून गाडी एकदा नेऊन आणली. चुना खरवडला गेला होता तो मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेल्या डिफरन्शिअलच्या गोळ्यावरचा. बाकीचे पट्टे जवळजवळ जसेच्या तसे होते.

वाचकहो, सगळी मेख इथेच आहे. पाटे उंच केले की चेसी आणि बॉडी वर जाते, पण ॲक्सल वर जात नाही. ॲक्सल चाकांना धरून असतो, त्यामुळे त्याचा गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो. तो वर न्यायचा तर मोठे टायर लागतात. त्यातही टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला, तर गोळा वर येतो एकच इंच. उसाच्या ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि त्यांच्यामधल्या उंचवट्याला आमचा गोळा घासत होता. तिथे चार इंचांचे पाटे घालणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

मग उंच पाटे कशासाठी असतात? चढ सुरू होताना पुढचा भाग टेकत असेल, बांध ओलांडताना चेसीचे पोट अडकत असेल, किंवा मोठे टायर बॉडीला घासत असतील, तर त्यांचा उपयोग होतो. तुमचा चुना या जागी खरवडला असेल तरच पुढचा विचार करा.

दुसरी गोष्ट तोलाची. कडब्याची गाडी जितकी उंच रचावी तितकी उतारावर कलंडायची भीती जास्त, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. जीपचेही तसेच आहे. समजा, डाव्या-उजव्या चाकांत ४८ इंच अंतर आहे आणि गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून २८ इंचांवर आहे. कागदावरच्या हिशेबाने अशी गाडी आडव्या उतारावर साधारण ४० अंशांपर्यंत तग धरेल. तोच मध्य तीन इंच वर गेला की हा आकडा ३८ अंशांच्याही खाली येतो. हा हिशेब उभ्या गाडीचा झाला. चालत्या गाडीत पाटे दबतात, मागे बसलेली माणसे एका अंगाला कलतात आणि वळणावर झोक बसतो. म्हणून प्रत्यक्षात गाडी याच्या कितीतरी आधी कलंडू शकते. आमच्या पाणंदीला ओढ्याकडे उतार आहे आणि त्याच वाटेने आठ-आठ बाया मागे बसून जातात. पुतण्याला हे बांधावर उभे करून दाखवले, तेव्हा त्याचा चार इंचांचा हट्ट आपोआप उतरला.

मग आम्ही टेप घेतला. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर वहीत लिहिले. मागची उजवी बाजू डावीपेक्षा पाऊण इंच खाली होती. कॅन भरल्यावर पाटे उलट्या बाजूला वाकू लागत. एक पान मोडलेलेही निघाले. म्हणजे गाडी मुळात बुटकी नव्हती, ती थकून बसली होती. तुमच्याही जुन्या गाडीचे हे माप आधी घ्या. मूळ मापाचे चांगले पाटे घातले की बसलेली गाडी पुन्हा उभी राहते.

तरीही उंची वाढवायचीच असेल, तर प्रकार नीट समजून घ्या. सर्वांत बरा मार्ग म्हणजे जास्त कमानीचे, तुमच्या गाडीसाठीच बनवलेले पूर्ण पाटे आणि त्यांना जुळणारे लांब शॉकअब्सॉर्बर. जुन्या पाट्यांत एक पान जास्त घातले तर वजन पेलते, पण रिकामी गाडी दणके देते. शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चेसीला जोडणारी झुलती पट्टी, दोन इंच लांब केली तर उंची मिळते सुमारे एक इंच. शिवाय पुढच्या ॲक्सलचा कल बदलतो आणि गाडी रस्ता सोडून भटकू लागते. ज्या गाडीत पाटे ॲक्सलच्या वर बसतात, तिथे काही जण मध्ये लोखंडी ठोकळे घालतात. पुढच्या ॲक्सलला ठोकळे कधीही घालू नयेत. मागेही एकावर एक रचू नयेत. आणि लक्षात ठेवा, ज्या गाडीत पुढे पाटे नसून कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार आहे, तिला या युक्त्या लागू पडत नाहीत.

बसवताना घाई नको. जमीन टणक आणि सपाट हवी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा. चेसी भक्कम घोड्यांवर टेकवा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणालाही शिरू देऊ नका. पाटे जोडीनेच बदला. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना, असे नको. यू-बोल्ट नवेच घ्या. पाट्याचा सेंटर बोल्ट आपल्या खोबणीत बरोबर बसला आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चारही चाकांवर उतरवल्यानंतर. अधांतरी आवळले तर रबर पिळून लवकर फाटते.

उंची वाढली की इतर भागांवर ताण येतो. ॲक्सल पूर्ण लोंबता ठेवून ब्रेकची रबरी नळी ताणली जाते का, ते पाहा. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून तो थरथरतो का, स्टिअरिंगचा दांडा तिरका होऊन खड्ड्यात हिसका देतो का, हँडब्रेकची केबल पुरते का, हेही तपासा. चाकांचे अलाइनमेंट करून घ्या आणि दिव्यांचा झोत खाली घ्या, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. पहिल्या आठवड्यानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा.

कायदाही जाणून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच गोष्ट स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. म्हणून पैसे मोजण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीकडूनही लेखी उत्तर घ्या. अपघात झाल्यावर विम्याचा वाद उभा राहिला, तर घर बसते.

आमच्याकडे शेवटी काय झाले? मूळ मापाचे नवे पाटे, नवे शॉकअब्सॉर्बर आणि त्याच मापाचे, खोल नक्षीचे टायर घातले. मागची बाजू सव्वा इंच वर आली, तीही आपल्या मूळ जागेवर. गोळा घासत होता त्यावरचा उपाय पाणंदीतच होता. शेजारच्या दोन खातेदारांना बरोबर घेऊन मधला उंचवटा फोडला, चाकोऱ्या मुरुमाने भरून धुमस केली आणि बांधाच्या बाजूने चर काढून पाण्याला वाट दिली. चिखल होतो तो साचलेल्या पाण्याने. ते निघून गेले की काळी मातीसुद्धा गाडीला वाट देते. यंदा पावसाळ्यात दुधाचा एकही खेप चुकला नाही आणि पुतण्याने उरलेल्या पैशांतून जीपच्या मागच्या बाजूला बायांसाठी लोखंडी पायरी व धरायला दांडा बसवून घेतला.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरात हा विषय निघाला तर मुलांना रागावू नका. त्यांची हौस असते, पण अडचणही खरी असते. त्यांच्या हाती टेप आणि चुन्याचे भांडे द्या आणि तुम्हीही त्यांच्याबरोबर गाडीखाली वाका. कुठे घासते, किती घासते आणि गाडीत कोण बसते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पाटे बदलायचे, टायर बदलायचे की रस्ता दुरुस्त करायचा, हे तुमचे तुम्हालाच कळेल.