पाहुण्याने किती बोलावं?

आपल्या कॉलेजात लिहिणारे मोजून दहा आणि लेख मागणारे पन्नास! प्रत्येक डिपार्टमेंटचा अंक वेगळा, एन.एस.एस.चा वेगळा, गणेशोत्सवाची स्मरणिका वेगळी, आणि आता तर शेजारच्या फार्मसीवाल्यांनाही आपल्याकडून 'पाहुणा लेख' हवा असतो. मग होतं काय, की सबमिशनच्या आदल्या रात्री एकच जर्नल जसं सगळ्या विंगमधून फिरतं, तसा एकच लेख शीर्षक बदलून चार अंकांत फिरतो. 'तरुणाई आणि ताणतणाव' हा लेख मी तीन ठिकाणी वाचलाय. तिसऱ्या ठिकाणी त्याचं नाव 'फार्मासिस्ट आणि ताणतणाव' होतं. आत फार्मासिस्ट कुठेच नव्हता!

हसून सोडून देता येईल. पण दुसऱ्याच्या अंकात, दुसऱ्याच्या वाचकांसाठी लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न माझ्या डोक्यात गेल्या हिवाळ्यापासून ठाण मांडून बसलाय. आणि त्याच्याच पोटात दुसरा, जास्त अवघड: यजमानाला न आवडणारं काही सांगायचं असेल तर पाहुण्याने काय करायचं?

माझं गाव निफाड. दर डिसेंबरात पेपरला 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी येते, ते निफाड. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर जो आकडा नोंदला जातो तो सगळ्या महाराष्ट्रात छापून येतो आणि मग हॉस्टेलवर मला, 'तुमच्याकडे बर्फ पडतो का गं?' असं विचारलं जातं. बर्फ पडत नाही. एखाद्या वर्षी पहाटे दव तेवढं गोठतं. पण द्राक्षवाल्याची झोप उडायला तितकंही लागत नाही. ऑक्टोबरात छाटणी झालेली, डिसेंबर-जानेवारीत घडांची फुगवण चाललेली, आणि नेमका तेव्हाच पारा उतरतो. फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात, पांढऱ्या द्राक्षावर गुलाबी छटा येते (हे 'पिंक बेरी' प्रकरण व्यापारी लांबूनच ओळखतो आणि भाव पाडतो). वर्षभराचा पैसा त्या आठ-पंधरा रात्रींवर असतो. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात आणि पाणी सोडलं जातं.

सेकंड इयरला मिनी प्रोजेक्ट म्हणून मी आमच्या बागेत चार सेन्सर आणि एक डेटा लॉगर लावला. गाइडने मार्क दिले आणि विषय संपला. पण आकडे मजेदार होते. विहिरीजवळच्या वरच्या अंगापेक्षा नाल्याकडच्या खालच्या अंगाला पहाटे दोन अंश कमी! एकाच बागेत. थर्ड इयरला असताना हे एका नातेवाइकाकडून एका शेतीविषयक मासिकाच्या संपादकांच्या कानावर गेलं आणि त्यांचं पत्र आलं: आठशे शब्दांत लिहून पाठवा. (पत्रावर 'श्री.' होतं. द्राक्षात सेन्सर लावणारी मुलगी असेल असं त्यांना वाटलं नसावं. असो.)

अण्णा हे मासिक वर्षानुवर्षं घेतात आणि सुतळीने बांधून माळ्यावर ठेवतात. मी एका वर्षाचा गठ्ठा उतरवला आणि पेन्सिल घेऊन बसले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या आणि माझं ठाम मत आहे की लेखाचं निम्मं काम तिथेच झालं. एक तर कळलं की या अंकात कुठलाच लेख व्याख्येने सुरू होत नाही. छाटणी, विरळणी, डिपिंग... पहिल्या ओळीत हातातलं काम. दुसरं म्हणजे, 'वाचकांचे प्रश्न' या सदरात एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून पुन्हा पुन्हा आलेला होता: शेकोटी किती वाजता पेटवावी आणि किती ठिकाणी? म्हणजे माझ्या लेखाची पहिली ओळ वाचकांनीच लिहून ठेवली होती! मला फक्त उत्तर द्यायचं होतं.

उत्तर साधारण असं. रात्र निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडत राहते. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत सखल जागी साचते. वर, झाडांच्या डोक्यावर, हवा त्यामानाने ऊबदार असते. अशा वेळी एकच मोठा जाळ केला तर गरम हवा भसकन वर निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची गार हवा बागेत ओढली जाते. त्यापेक्षा लहान लहान शेकोट्या पुष्कळ, आणि त्या खालच्या अंगाला जास्त. धुरावर फार भिस्त ठेवू नये, कारण धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता ते फारशी अडवत नाहीत. काम करते ती जाळाची ऊब. आणि ओली जमीन दिवसा जास्त ऊब साठवते, म्हणून पाणी. थर्मिस्टर हा शब्द मी अख्ख्या लेखात एकदाच वापरला. ग्राफ दिला नाही. ज्या ग्राफसाठी मी चार रात्री जागले, तो आपल्या डिपार्टमेंटच्या अंकात शोभला असता. त्या मासिकाच्या वाचकाला 'पहाटे चारपासून सूर्य वर येईपर्यंत' एवढं पुरतं. द्राक्षातलं त्याला माझ्यापेक्षा दसपट कळतं. माझ्याकडे फक्त चार जागांचे आकडे होते, तेवढेच घेऊन मी त्याच्या दारात उभी होते.

लेखिकेचा परिचयही मागवला होता. मी 'तृतीय वर्ष, ई अँड टीसी' पासून पेपर प्रेझेंटेशनच्या बक्षिसापर्यंत सगळं लिहिलं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "ताई, हे तुझ्या सरांना दाखव. वाचणाऱ्याला एवढंच पाहिजे, की हिची बाग कुठं अन् किती." मग परिचय एका ओळीचा झाला.

आता अडचणीचा भाग. लेखाच्या शेवटी मी लिहिलं होतं, की हे सगळं पाहायला महागडं यंत्र लागत नाही. रात्रीचं किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर घडांच्या उंचीवर, बागेच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात टांगा आणि वहीत रोज आकडा लिहा. एक हिवाळा असं केल्यावर यंत्र घ्यायचं की नाही ते ठरवा. इकडे माळ्यावरून काढलेल्या प्रत्येक अंकाच्या मागच्या पानावर कशाची जाहिरात होती? हवामान मोजणाऱ्या यंत्राची! पूर्ण पान, रंगीत.

संपादकांचा फोन आला. लेख आवडला म्हणाले. शेवटचा परिच्छेद मात्र काढावा लागेल. मी कारण विचारलं. "जागा," म्हणाले, आणि थोडं थांबून, "तुम्ही शहाण्या आहात." त्याच्या जागी एक ओळ टाकू, म्हणाले: यासाठी आधुनिक उपकरण बसवणे हिताचे. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या दोन दिवसांत मी लायब्ररीत जे वाचलं ते आमच्याच गावात जन्मलेल्या एका माणसामुळे. न्यायमूर्ती रानडे निफाडचे, जन्म १८ जानेवारी १८४२. आमच्या शाळेत त्या दिवशी भाषणं होत आणि प्रत्येक भाषणात ते 'शांत, संयमी' असत. पण लेखक म्हणून हा माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या पानांवर लिहीत राहिला, हे कुणी सांगितलं नव्हतं. 'इंदुप्रकाश' १८६२ मध्ये मुंबईत सुरू झालं, तेव्हा विशीतले रानडे त्याची इंग्रजी बाजू बघत. पुढे सार्वजनिक सभेचं त्रैमासिक १८७८ मध्ये निघालं. त्यात त्यांनी किती लिहावं! पण सरकारी नोकरीतला न्यायाधीश, त्यामुळे लेखाखाली पुष्कळदा नावच नाही. नाव नसलं तरी चालेल, म्हणणं पोचलं पाहिजे, असा हा पाहुणा.

आणि हाच माणूस एकदा यजमानाच्या बाजूने उभा राहिला. १८९३ ची गोष्ट. इंग्लंडहून नुकतेच परतलेले, बडोद्याला नोकरी करणारे अरविंद घोष त्या वर्षी एकवीस वर्षांचे झाले. केंब्रिजचे त्यांचे मित्र के. जी. देशपांडे 'इंदुप्रकाश'ची इंग्रजी बाजू सांभाळत होते. त्यांनी लेखमाला मागितली. ऑगस्टपासून ती सुरू झाली, लेखकाच्या नावाशिवाय, आणि काँग्रेसच्या अर्ज-विनंत्यांच्या राजकारणावर अशी तुटून पडली की सुरुवातीचे लेख छापून येताच रानड्यांनी पत्राच्या मालकांना सावध केलं. मालक घाबरले. देशपांड्यांनी मित्राला सूर नरम करायला सांगितला. अरविंदांनी मग तत्त्वचर्चेच्या वळणाने काही लेख लिहिले, पण त्यांचा रस गेला आणि १८९४ च्या मार्चपर्यंत ती माला बंद पडली. रानड्यांनी त्यांना भेटीत सल्ला दिला होता, की तुरुंग सुधारणेसारखं एखादं काम हाती घ्या. ही हकिकत पुढे अरविंदांनीच सांगितली आहे. १९०८ मध्ये ते अलीपूरच्या तुरुंगात वर्षभर होते, तेव्हा विषयाची पाहणी जवळून झाली असणार!

हे वाचून मला आमच्या गावच्या माणसाचा राग आला होता. मग वाटलं, नाव नसलेल्या पाहुण्याचं काय जाणार होतं? राजद्रोहाचं कलम १८७० पासून कायद्यात होतं. छापखाना मालकाचा. चारच वर्षांनी, १८९७ मध्ये, टिळकांवर 'केसरी'तल्या मजकुरावरून खटला झाला आणि शिक्षाही झाली. त्यामुळे 'सांभाळून' म्हणणारा माणूस भित्राच असतो असं मी म्हणणार नाही. माझ्या संपादकांना तुरुंगाची भीती नव्हती, पण मागचं रंगीत पान गेलं तर पुढचा अंक कशावर काढायचा, ही चिंता खरी होती. वर्गणी किती स्वस्त आहे ते मला माहीत आहे.

पण मग लोकहितवादींचं काय? गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं लिहिली, शंभरावर आठ. 'प्रभाकर' वाचणारे बहुतेक शिकलेले, उच्चवर्णीय, आणि ही पत्रं त्यांच्याच आळसावर, पोकळ विद्येवर, रूढींवर कोरडे ओढणारी. लिहिणारा त्यांच्यातलाच एक. भाऊ महाजनांनी ती छापली, एक-दोन नाही, दोन वर्षं! मला तर यात लेखकाइतकाच यजमानाचा पराक्रम दिसतो. आपण शतपत्रांवर दहा मार्कांचा प्रश्न सोडवतो आणि भाऊ महाजनांचं नाव रिकाम्या जागा भरायला ठेवतो.

उलट बाजूला जोतीराव फुले. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहून झाला. 'दीनबंधू' हे सत्यशोधकांचंच पत्र, संपादक नारायण मेघाजी लोखंडे, म्हणजे घरचाच माणूस. सुरुवातीची प्रकरणं छापली आणि पुढची छापायचं थांबवलं. परक्याने नाही म्हटलं तर समजतं, घरच्याने म्हटलं तर काय करायचं? जोतीरावांनी मजकूर मऊ केला नाही. पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी माणसं जमवून त्यांनी तो स्वतः वाचून दाखवला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनाही ऐकवला.

दुसऱ्या दिवशी रात्री मी घरी फोन करून अण्णांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याच्या ओट्यावर बसून त्याच्या दुकानाला नावं ठेवू नये, हे खरं. पण त्याचं दुकान आपल्या तोंडानं कशाला सांगायचं?"

मला हवं ते यात मिळालं. कापायचा हक्क यजमानाचा. पान त्याचं, खर्च त्याचा, वाचकाला उद्या तोंड त्याला दाखवायचंय. पण माझ्या नावाखाली माझं नसलेलं वाक्य घालायचा हक्क त्याचा नाही. मी संपादकांना कळवलं की परिच्छेद काढा, हरकत नाही. ती 'हिताचे'वाली ओळ मात्र घालायची असेल तर लेख परत पाठवा. आवाज थरथरत होता माझा. ते म्हणाले, "बरं." एवढंच! डिसेंबरच्या अंकात लेख आला, कापलेला, पण बाकी शब्दन्‌शब्द माझा. मागच्या पानावर यंत्र होतंच. 'श्री.' चं 'कु.' झालं होतं.

आणि कापलेला परिच्छेद? तो मी मार्करने पांढऱ्या कार्डशीटवर मोठ्या अक्षरात लिहिला, खाली थर्मामीटर कुठे टांगायचा त्याचं चित्र काढलं आणि सुट्टीत गेले तेव्हा गावातल्या विकास सोसायटीच्या बोर्डावर, सचिवांना विचारून, चार टाचण्यांनी लावला. बोर्डावर एका बाजूला कर्ज वसुलीची नोटीस, दुसऱ्या बाजूला सप्त्याचं पत्रक, मध्ये मी.

संक्रांतीला पुन्हा घरी गेले तेव्हा कार्डशीट तिथेच होती, कोपरे मुडपलेले. चित्राखालच्या मोकळ्या जागेत बॉलपेनने आकडे लिहिले होते, तीन-चार वेगवेगळ्या हातांचे: तारीख, पहाटेचा आकडा, पुढे 'नाल्याकाठी', 'विहिरीजवळ', 'वरचा प्लॉट'. आणि सगळ्यात खाली, सचिवांच्या अक्षरात: थर्मामीटर सोसायटीचा आहे, एका रात्रीनंतर परत आणून द्यावा.